घराचा सौदा मोडला आणि सगळं लटकलं? आधी तारखा धरा, भांडण नंतर

आपल्याकडं मराठवाड्यात घराचा सौदा मोडायची कारणं फिरून फिरून तीच असतात. लोन झालं नाही, बहीण सहीला आली नाही, गुंठेवारीची (शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटची) फाईल महापालिकेत अडकली, सोयाबीनला भाव नाही म्हणून घेणाऱ्याकडं पैसाच आला नाही, नाहीतर पितृपक्षात कुणीतरी "आत्ता नको" म्हणलं आणि दसऱ्यापर्यंत मन बदललं. सौदा मोडतो एका फोनवर, पण त्याच्यानंतरचं लटकणं सहा-सहा महिने चालतं आणि खरा पैसा तिथंच जातो.

बहुतेक जण पहिला महिना दोनपैकी एका गोष्टीत घालवतात, एकतर एजंटच्या ऑफिसात बसून भांडतात नाहीतर "बघू, करतील काहीतरी" म्हणून गप बसतात. तेवढ्यात बँकेची मुदत, स्टॅम्पची मुदत, चेकची मुदत, इन्कम टॅक्सची मुदत सगळ्या आपापल्या चालूच असतात. म्हणून घेणारे असा का विकणारे, आधी कोणती मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहा. चूक कुणाची ते नंतर ठरवता येतं, गेलेली तारीख परत येत नाही.

मोडलाय का नुसता लांबलाय, ते लेखी काढून घ्या

"देतो ना भाऊ, पैशाची सोय करायलो" ह्या वाक्यावर कितीतरी घरं वर्षभर अडकून पडतात. समोरचा नाही म्हणत नाही आणि हो पण म्हणत नाही. अशा वेळी एक साधा व्हॉट्सॲप मेसेज टाकायचा, शिवीगाळ नाही, टोमणे नाहीत, कारण उद्या तोच मेसेज वकिलाच्या फाईलमध्ये लागणार आहे. असा काहीतरी (इसार पावती म्हणजे सौदा पक्का करायला आगाऊ दिलेल्या पैशाची पावती):

"रामराम काका. आपल्या घराचा व्यवहार इसार पावतीप्रमाणे अमुक तारखेपर्यंत पूर्ण करायचा ठरला होता. ठरल्याप्रमाणे आपल्याकडून एवढी रक्कम येणं बाकी आहे. तुम्हाला व्यवहार पुढं न्यायचाय का, आणि नेमक्या कोणत्या तारखेला खरेदीखत करता, हे मला येत्या रविवारपर्यंत इथंच कळवा."

उत्तर आलं तर त्याची नवीन तारीख धरून मुदतवाढीचा कागद करा, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, तोंडी वाढवून देऊ नका. उत्तर नाहीच आलं तर आठवड्याभरानं वकिलाची नोटीस, स्पीड पोस्टनं, पोचपावतीसह. ह्याला अजून एक कारण आहे. करार पाळायला लावायचा दावा तीन वर्षांत करावा लागतो, आणि ती तीन वर्षं करारात लिहिलेल्या तारखेपासून मोजतात, तारीख लिहिलेली नसेल तर समोरच्यानं नकार दिल्याचं तुम्हाला कळलं तिथून. आपल्या कितीतरी इसार पावत्यांत "लवकरात लवकर खरेदी करून देईन" एवढंच असतं. नकार लेखी नसला की हा हिशोब कुठून सुरू करायचा ह्याच्यावरच कोर्टात दोन वर्षं जातात.

तुमच्या हातात नेमका कागद कोणता आहे

पुढचं सगळं ह्याच्यावर ठरतं.

नुसतं टोकन दिलंय, फोन पे वर पाठवलंय आणि चॅट आहे, एवढंच असेल तर मोडणं सोपं. पैसे परत आल्याचा बँकेतला पुरावा आणि "आमचं एकमेकांकडं काही राहिलं नाही" असा सहीचा कागद, झालं.

पाचशेच्या बाँडवर नोटरी केलेली इसार पावती असेल तर तशीच रद्द पावती करायची आणि मूळ पावतीवर "रद्द" लिहून दोघांनी सही करायची. मूळ कागद परत घ्या, झेरॉक्सवर समाधान मानू नका. ज्यानं पैसे दिले त्याच्याकडं मूळ पावती राहिली तर वर्षभरानं पेपरात तुमच्या नवीन घेणाऱ्यानं दिलेल्या जाहीर नोटीशीला तोच आक्षेप घेऊन उभा राहतो.

आणि साठेखत, म्हणजे पुढं खरेदीखत करून द्यायचा करार, रजिस्टर झालं असेल तर ते नुसत्या बाँडवर रद्द होत नाही. ते रजिस्ट्री ऑफिसला जाऊनच रद्द करावं लागतं, रद्दलेख करून, दोन्ही पार्ट्या आणि साक्षीदार घेऊन. रजिस्टर साठेखत रजिस्ट्री ऑफिसच्या सूची क्रमांक २ मध्ये चढलेलं असतं, ते ऑनलाइन सर्चमध्ये कुणालाही दिसतं, आणि पुढच्या घेणाऱ्याच्या बँकेचा वकील तीस वर्षांचा सर्च काढतो तेव्हा सगळ्यात आधी तेच सापडतं. रद्दलेख नसेल तर पुढच्याचं लोन होत नाही, म्हणजे तुमचा दुसरा सौदापण तिथंच बसला. विकणाऱ्यानं एकट्यानंच जाऊन रद्द करून टाकावं, असं चालत नाही. समोरचा सहीला येत नसेल तर नोटीस, आणि तरीही नाही तर दिवाणी कोर्ट.

कोर्टाच्या आधी एक रस्ता आहे जो लोक वापरतच नाहीत. जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथं केस दाखल करायच्या आधीच लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं, कोर्ट फी लागत नाही आणि तिथं झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच असते, तिच्यावर अपील नाही. दोघांनाही सुटायचंय पण रकमेवर अडलंय, अशा प्रकरणाला हे एकदम चांगलं. गावातल्या चार प्रतिष्ठितांच्या बैठकीपेक्षा तर कधीही बरं, कारण तिथं ठरलेलं पाळायला कुणी बांधील नसतो.

इसाराचे पैसे: कुणाचे, किती, कसे परत

"मुदतीत खरेदी केली नाही तर इसार बुडाला" आणि "विकणारा फिरला तर दुप्पट" ही दोन वाक्यं आपल्या प्रत्येक पावतीत असतात, पण दोन्ही जशीच्या तशी लागू होतील ह्या भरवशावर राहू नका. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात कितीही रक्कम लिहिली तरी कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं. खरा इसार, म्हणजे शब्द पक्का करायला दिलेली छोटी रक्कम, घेणाऱ्याच्या चुकीनं सौदा मोडला आणि तशी अट लिहिली असेल तर जप्त करता येते, सुप्रीम कोर्टानं २०१२ च्या सतीश बत्रा प्रकरणात हे स्पष्ट केलंय. पण त्याच निकालात हेही आहे की किमतीपोटी दिलेला ॲडव्हान्स जप्त करता येत नाही. चाळीस लाखांच्या घराला पंधरा लाख घेतले आणि त्या सगळ्याला "इसार" नाव दिलं म्हणून ते सगळे गिळता येत नाहीत. विकणाऱ्यांनो हे नीट वाचा, कारण असे पैसे अडवून ठेवले की समोरचा हमखास कोर्टात जातो आणि घर पुढं विकता येत नाही. घेणाऱ्यानं आगाऊ दिलेल्या पैशांचा बोजा त्या मालमत्तेवर राहतो, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ मध्येच आहे, फक्त सौदा घेणाऱ्यानंच विनाकारण मोडला असेल तर त्याला तो मागता येत नाही.

माझं मत विचाराल तर विकणाऱ्यानं झालेला खरा खर्च कापावा, तो लिहून दाखवावा आणि बाकीचे पैसे देऊन मोकळं व्हावं. पाच लाख अडवून घर एक वर्ष अडकवणं ह्यात कसला फायदा?

रोखीचं बघा. घरजमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याच्यावर रोख घेता येत नाही, व्यवहार पूर्ण होवो ना होवो, आणि परत करतानापण रोख देता येत नाही, दंड तेवढ्याच रकमेचा बसतो. २०१५ पासून हा नियम आहे तरी आपल्याकडं अजून अर्धा इसार पिशवीतून जातो. सौदा मोडला की त्या पिशवीतल्या पैशाचा पुरावा कुणाकडंच नसतो आणि मग सगळी भांडणं तिथून सुरू होतात. पुढं जे काही परत येईल ते खात्यावरच येऊ द्या. आणि जप्त केलेला इसार विकणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो, त्याच्यावर टॅक्स लागतो, तो फुकटचा पैसा नाही.

घर पन्नास लाख किंवा त्याच्यावरचं असेल आणि घेणाऱ्यानं एक टक्का टीडीएस कापून भरला असेल तर सौदा मोडल्यावर तो विसरू नका. तो विकणाऱ्याच्या पॅनवर जमा झालेला असतो, त्यानं तो आपल्या रिटर्नमध्ये वापरलेला नसला पाहिजे, आणि रिफंडचा अर्ज इन्कम टॅक्सच्या ट्रेसेस ह्या पोर्टलवर करायचा असतो. सीएला लगेच सांगा, जुलैची वाट बघू नका.

विकणारा पुढच्या तारखेचे चेक देत असेल तर घ्या, पण तारखा सांभाळा. चेक तीन महिनेच चालतो. बाउन्स झाला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे, नोटीस मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस, आणि त्यानंतर एक महिन्यात कोर्टात तक्रार. "परत टाका साहेब, ह्या वेळेस नक्की" असं म्हणत तीस दिवस काढून घेणारे लई आहेत. परत टाकायचा तर टाका, पण चेकचे तीन महिने संपायच्या आत, आणि दुसऱ्यांदा परत आला की नोटीसच.

स्टॅम्प ड्युटी परत मिळते, पण मागितली तर

ज्यांचं साठेखत रजिस्टर झालं होतं आणि पूर्ण स्टॅम्प भरला होता त्यांच्यासाठी ही सगळ्यात मोठी रक्कम असते, आणि ह्याच्यावरच सगळ्यात जास्त लोक पाणी सोडतात. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात कलम ४८ आहे. ताबा घेतलेला नसेल, आणि साठेखत झाल्यापासून पाच वर्षांच्या आत रजिस्टर रद्दलेख झाला असेल, तर रद्दलेख रजिस्टर झाल्यापासून सहा महिन्यांत रिफंडचा अर्ज करता येतो. ह्यातले सहा महिने खरे घातक, कारण माणूस रद्दलेख झाला की सुटलो म्हणून घरी येतो आणि फाईल कपाटात ठेवतो. नुसतं चलन भरलं, स्टॅम्प घेतला पण कागद रजिस्टरच झाला नाही, तरी सहा महिन्यांतच अर्ज, आणि तो स्टॅम्प घेतलेल्या तारखेपासून.

अर्ज आधी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साईटवर भरायचा, त्याचा नंबर येतो, मग मूळ साठेखत, रद्दलेख, ॲफिडेव्हिट, बँकेचा रद्द केलेला चेक असं सगळं घेऊन मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात जमा करायचं. थोडी कपात होऊन बाकी खात्यावर येते. नोंदणी फी, जी एक टक्का आणि जास्तीत जास्त तीस हजार असते, ती मात्र रजिस्टर झालेल्या कागदाची परत येत नाही, ती हिशोबात गेलीच धरा. जमा केल्याची पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.

बँकेला सांगा, गप बसू नका

घेणाऱ्यानं: लोनची मंजुरी साधारण तीन ते सहा महिनेच चालते. सौदा मोडला म्हणून बँकेला लेखी कळवा आणि विचारा की हीच मंजुरी दुसऱ्या घराला लावता येईल का. उत्पन्नाची तपासणी झालेली असते, फक्त घराचं लीगल आणि व्हॅल्युएशन नव्यानं होतं, म्हणजे अर्धा वेळ वाचतो. लोनची डीडी (डिमांड ड्राफ्ट) निघाली असेल तर ती त्याच दिवशी परत करा, बऱ्याच ठिकाणी डीडी निघाल्यापासून व्याज सुरू होतं, ती तुमच्या कपाटात पडलेली का असेना. लोनसोबत लाइफ इन्शुरन्सची पॉलिसी गळ्यात मारली असेल तर ती हातात पडल्यापासून तीस दिवसांत परत करता येते, हे शाखेत कुणी आपणहून सांगणार नाही.

लोन नामंजूर झालं म्हणून सौदा मोडला असेल तर बँकेकडून ते लेखी घ्या. इसार परत मागायला तोच तुमचा आधार. आणि नामंजुरी तुमच्या सिबिलमुळं का घराच्या कागदामुळं, हे त्याच्यात आलं पाहिजे, कारण दुसरं कारण असेल तर बाजी उलटते, चूक विकणाऱ्याची ठरते.

विकणाऱ्यानं: घरावर तुमचंच जुनं लोन असेल तर पुढच्या सौद्याआधी बँकेकडून बाकीचा दाखला आणि जमा कागदांची यादी काढून ठेवा. लोन पूर्ण फेडलं की तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे, उशीर बँकेमुळं झाला तर दर दिवसाला पाच हजार भरपाई, १ डिसेंबर २०२३ पासून. शाखेत "कागद पुण्याहून येतील" म्हणून चकरा मारायला लावायलेत तर हा नियम अर्जात लिहा, फाईल हलते.

चावी दिली होती का?

हा प्रकार आपल्याकडंच फार. "फक्त वास्तुशांती करून घेतो हो, मुहूर्त चांगलाय" म्हणून चावी जाते आणि मग माणूस सामान घेऊन राहायलाच येतो. ताबा दिलेला करार म्हणजे कायद्यानं खरेदीखतासारखाच धरून पूर्ण स्टॅम्प लागतो, नोटरीच्या कागदावर भरलेला नसला की कोर्टात तो कागद दाखवतानाच महिन्याला दोन टक्के दंडासह भरायला लावतात. आणि वर बघितलं तसं, ताबा घेतला की स्टॅम्पचा रिफंडपण गेला. सौदा मोडलाय आणि समोरचा आत राहतोय, तर पैसे परत आणि ताबा परत एकाच दिवशी, एकाच टेबलावर, खोल्यांचे फोटो, लाईटच्या मीटरचं रीडिंग, चावी मिळाल्याची सही. आधी पैसे दिले तर तो हलत नाही आणि आधी ताबा मागितला तर त्याला भरवसा नसतो. जबरदस्तीनं कुलूप बदलायच्या भानगडीत पडू नका.

मोकळा वेळ मिळालाय तर दुखणं बरं करा

सौदा ज्या कारणानं मोडला ते कारण तसंच ठेवून दुसरं गिऱ्हाईक शोधणं म्हणजे तोच खेळ परत. आणि मराठवाड्यातल्या कागदांची दुखणी जराशी वेगळी आहेत, पुण्याचा वकील तुम्हाला ती सांगणार नाही.

निजाम राजवटीतल्या इनाम जमिनी, मदतमाश (गुजराणीसाठी दिलेली) असो का खिदमतमाश (सेवेच्या बदल्यात दिलेली), कितीतरी वसाहतींच्या खाली आहेत. १९५४ च्या हैदराबाद इनाम कायद्यापासून त्यांचा गुंता चालू आहे. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ दिसलं की सरकारची परवानगी आणि सरकारला भरायच्या नजराण्याचा विषय आला, आणि बँक तिथंच थांबते. जुना मुंतखब (इनामाचा निजामकाळातला दाखला), १९५४-५५ चं खासरा पत्रक, कधी उर्दूतलं खरेदीखत, हे काढून, भाषांतर करून फाईलला लावून ठेवा. संभाजीनगरच्या जुन्या शहरात तर उर्दू वाचणारा मुन्शी शोधण्यातच आठवडा जातो, ते काम गिऱ्हाईक यायच्या आधी झालेलं असावं. हिबा (मुस्लिम कायद्यातलं बक्षीस) करून मिळालेलं घर असेल तर तोंडी हिबा कधी, कुणासमोर झाला, ताबा कधी दिला, ह्याचा पुरावा गोळा करा.

गुंठेवारीचा प्लॉट असेल तर २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या वसाहती नियमित करता येतात. नियमित झालेल्या आणि न झालेल्या घराच्या गिऱ्हाइकात मोठा फरक पडतो, कारण न झालेल्याला लोनवाला गिऱ्हाईकच मिळत नाही, फक्त रोखीवाला, आणि तो भाव पाडूनच मागतो. सिडको-हडकोतलं घर असेल आणि ते अजून भाडेपट्ट्याचंच असेल तर हस्तांतरणाला सिडकोची परवानगी आणि फी लागते, त्याचा वेळ इसार पावतीच्या मुदतीत धरलेलाच नसतो. गावठाणातलं घर असेल आणि फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८ असेल तर स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी होऊन मालमत्ता पत्रक निघालंय का ते बघा.

आणि वारस. बाप गेला, सातबाऱ्यावर नाव भावांचंच लावलं, बहिणींना विचारलंच नाही, आणि खरेदीच्या दिवशी घेणाऱ्याचा वकील म्हणतो सगळ्या बहिणींच्या सह्या आणा. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, "तिच्या लग्नात खर्च केला" हे कोर्टात चालत नाही. ताईला आधी भेटा, तिचं काय म्हणणंय ते ऐका, ती देत असेल तर रजिस्टर हक्कसोडपत्र करा, नाहीतर तिला तिचा हिस्सा द्या. राखीला बोलावून कागदावर सही घ्यायचा प्रकार करू नका, त्याच्यातूनच पुढं दावे उभे राहतात.

मधे अडकलेल्यांनी काय करावं

सगळ्यात वाईट अवस्था त्यांची, ज्यांनी आपलं घर विकून दुसरं घ्यायचं ठरवलं होतं. गेवराईचं घर विकून लातूरला मुलाच्या ट्यूशनसाठी फ्लॅट घ्यायचा, आणि गेवराईचा सौदा मोडला. लातूरवाल्याला लपवू नका, त्याच दिवशी सांगा आणि मुदतवाढ मागा, बदल्यात थोडी जास्त रक्कम किंवा महिन्याचं व्याज देऊ करा. फ्लॅट रिकामाच असेल तर विचारा की तोपर्यंत भाड्यानं देता का, अकरा महिन्यांचा रजिस्टर भाडेकरार करा म्हणजे ताबा "खरेदीपोटी" दिलाय असा घोळ होत नाही, आणि पोराचं वर्ष वाया जात नाही.

बिल्डरकडं बुकिंग असेल तर गोष्ट वेगळी, तिथं रेरा, म्हणजे बिल्डरांवरचा कायदा, आहे. रजिस्टर करार केल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांवर घेता येत नाही, आणि त्यानं ठरल्या तारखेला ताबा दिला नाही तर व्याजासह पैसे परत मागता येतात. जुन्या घराच्या दोन खाजगी माणसांतल्या सौद्याला मात्र रेरा लागू नाही, तिथं तक्रार घेऊन जाऊ नका.

टॅक्सची तारीख पण बघा. नवीन घर आधी घेऊन बसला असाल तर भांडवली नफ्याची सूट मिळायला जुनं घर साधारण एक वर्षाच्या आत विकलं गेलं पाहिजे. विक्री आधी झाली असेल तर घ्यायला दोन वर्षं, बांधायला तीन. आणि रिटर्नच्या तारखेपर्यंत नवीन घर झालं नाही तर पैसे बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवायचे, साध्या एफडीत नाही.

दुसऱ्या गिऱ्हाइकाला इसार पावती करताना

आधीचा सौदा मोडलेला लपवू नका, रद्दलेख दाखवा, उलट भरवसा वाढतो. लोनवाला असेल तर मंजुरीचं पत्र बघून मगच इसार घ्या. पावतीत खरेदीची नेमकी तारीख घाला, आणि ती ठरवताना पैसा कुठून येणार ते विचारा. कापूस-सोयाबीनवाल्याला दिवाळीनंतरची तारीख द्या, उगं ऑगस्टची देऊन सप्टेंबरात भांडू नका. लोन नामंजूर झालं तर किती दिवसांत किती पैसे परत, कागदात खोट निघाली तर किती, मुदतवाढ एकदाच आणि किती दिवसांची, हे सगळं पावतीतच लिहा. एजंटचं कमिशन खरेदीखताच्या दिवशी, इसाराच्या दिवशी नाही, हे पण आधीच बोलून ठेवा. आणि चावी रजिस्ट्री ऑफिसातून अंगठा-फोटो होऊन शेवटचा पैसा खात्यावर जमा झाल्यावर, वास्तुशांतीचा मुहूर्त त्याच्यानंतरचाच काढायला सांगा.